आक्काचा पैरा

शाळू काढायला आला होता आणि आक्काच्या अंगावरून वारं गेलं. माण तालुक्यातलं कोरडवाहू गाव. वर्षातून एकदा रान असं पिवळं होऊन उभं राहतं, त्या आठवड्यात घरात कुणी आजारी पडून चालत नाही. आक्का पडली. साताऱ्याच्या दवाखान्यातून ती परत आली तेव्हा डावा हात छातीशी मिटलेला होता आणि डावा पाय ती ओढत टाकत होती. वाचा शाबूत होती, जिभेची धारही शाबूत होती.

मुलगा गलाईच्या धंद्यात, दूर दक्षिणेत. माणदेशातली कितीतरी घरं अशीच चालतात. कर्ता पुरुष सोनं-चांदी गाळायला परमुलखात आणि घर बायकांच्या अंगावर. आठ दिवस राहून तो परत गेला. सुनेनं सासूची खाट सोप्यात आणून टाकली आणि सांगितलं, "आत्या, आता तुम्ही कायबी करायचं न्हाय. लई केलं जन्मभर. आता बसून खायचं."

आणि तिनं शब्द पाळला. आंघोळ घालणं, वेणी घालणं, भाकरी दुधात कुस्करून घास भरवणं, रात्री दोनदा उठून कूस बदलणं, सगळं ती करायची. ज्यानं घरातलं जड झालेलं माणूस एकदा तरी उचलून मोरीपर्यंत नेलं आहे, त्याला या सेवेचं मोल सांगायला नको. गल्लीत तिचं नाव झालं. 'सून असावी तर अशी' हे वाक्य पाणंदीतून, पिठाच्या गिरणीवरून फिरत फिरत तिच्या कानावर यायचं आणि थकलेल्या अंगाला तेवढंच बळ द्यायचं.

आक्का मात्र उतरत गेली. दिवाळीपर्यंत जेवण निम्म्यावर आलं. हाताची मूठ घट्ट होत गेली. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. लोक म्हणाले, वारं गेलेल्या माणसाचं असंच असतं.

त्या कार्तिकात एक मुलगी गावात आली. मुंबईत परळच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारात शिकलेली व्यवसायोपचारतज्ज्ञ. एका संस्थेनं तिच्यावर काम सोपवलं होतं: या पट्ट्यातल्या गावांसाठी व्यवसायोपचाराचा असा कार्यक्रम आखायचा, की तो रुग्णालयात न चालता गावात चालेल. गाव तिला मॅडम म्हणू लागलं.

जिथे ती शिकली त्या जागेचा वारसा लहान नाही. १९५० साली कमलाबाई निंबकरांनी तिथे व्यवसायोपचाराचं शिक्षण सुरू केलं. आपल्या देशात या शास्त्राची पायाभरणी तिथे झाली. कमलाबाई जन्मानं अमेरिकन. विष्णू निंबकरांशी लग्न करून त्या इथे आल्या, नाव इथलं घेतलं आणि माणसंही इथली आपली मानली. १९५२ मध्ये भारतातल्या व्यवसायोपचारतज्ज्ञांची संघटना त्यांच्या पुढाकारानं उभी राहिली. त्याच वर्षी या व्यवसायाचा जागतिक महासंघ स्थापन झाला आणि त्याच्या दहा संस्थापक देशांत भारत होता. या सगळ्याच्या मुळाशी असलेली श्रद्धा साधी आहे: माणूस औषधानं वाचतो, पण उभा राहतो तो काही करू लागल्यावर. दात घासणं, केस विंचरणं, भाकरी थापणं, हिशेब लिहिणं, देवळात जाणं, ज्यानं दिवस भरतो ते सगळं या शास्त्राचा विषय आहे.

मॅडमच्या पिशवीत एक वही होती. १९७८च्या अल्मा-आटा जाहीरनाम्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेनं अपंगांचं पुनर्वसन मोठ्या दवाखान्यांतून काढून लोकांच्या दारात नेण्याचा विचार पुढे आणला. २०१० साली त्याच्या मार्गदर्शिका निघाल्या. त्यांत माणसाच्या आयुष्याचे पाच रकाने आहेत: आरोग्य, शिक्षण, उपजीविका, सामाजिक जीवन आणि सक्षमीकरण. वहीच्या प्रत्येक पानावर तिनं हे रकाने आखून घेतले होते. आक्काच्या पानावर आरोग्याचा रकाना पहिल्याच भेटीत भरला. सामाजिक जीवनाच्या रकान्यात तिनं लिहिलं, 'कुटुंबाचा आधार उत्तम.'

तिनं सुनेला पुष्कळ काही शिकवलं. उठवताना दुबळ्या हाताला धरून ओढायचं नाही, खांदा सरकतो. झोपवताना हाताखाली उशी द्यायची. ताट आणि तांब्या मुद्दाम डाव्या बाजूला ठेवायचा, म्हणजे नजर आणि मान त्या बाजूला वळते. आणि मुख्य म्हणजे घास भरवायचा नाही, आक्काचा उजवा हात धडधाकट आहे. वेणी नाही जमली तरी फणी तिच्या हातात द्यायची. सून मान डोलवत राहिली. गावच्या आशा सेविका, म्हणजे आशाताई, सोबत होत्या, त्यांनी सगळं परत एकदा माणदेशी बोलीत समजावून सांगितलं.

पुढच्या फेरीला मॅडम आल्या तेव्हा सून घास भरवत होती. त्याच्या पुढच्या फेरीलाही. उशी जागेवर होती, तांब्या डाव्या बाजूला होता, खांदाही कुणी ओढत नव्हतं. तेवढं सगळं सुनेनं केलं होतं. आक्काच्या हातात काम द्यायचं तेवढंच राहून गेलं होतं.

अशा वेळी शिकलेल्या माणसाच्या तोंडी 'अडाणीपणा' हा शब्द पटकन येतो. या मुलीच्या तोंडी तो आला नाही, यासाठी मी तिला फार मानतो. ती ओट्यावर बसून राहिली. संध्याकाळी पलीकडची काकी ताकाचा तांब्या घेऊन आली. त्याच वेळी आक्का एका हातानं लसणाची पाकळी सोलू पाहत होती. काकीनं ती पाकळी तिच्या हातातून काढून घेतली आणि आतल्या सुनेला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "अगं, ह्या वयात, ह्या दुखण्यात, तुला लसूण सोलायला लावला व्हय गं?"

सून बाहेर आली, लसूण उचलून घेऊन गेली. चुलीपाशी मॅडम तिच्या शेजारी जाऊन बसल्या, तेव्हा तिनं लाकूड आत सरकवत सांगितलं, "मॅडम, तुमचं खोटं न्हाय. पण तुम्ही येता नि जाता. मला ह्या गल्लीत राहायचंय. ह्यांना तिकडं फोन जातो, आईला कामाला लावलंय म्हणून. मग मी कुणाकुणाला सांगू, की ते औषध हाय?"

त्या रात्री मॅडमनी वहीतलं 'कुटुंबाचा आधार उत्तम' हे वाक्य खोडलं नाही, कारण ते खरंच होतं. त्याखाली त्यांनी लिहिलं: हात घरात आहे, अडचण गल्लीत आहे.

कार्यक्रम आखणारे लोक समुदाय हा शब्द फार सहज वापरतात. समुदायाधारित म्हणजे दवाखान्यातलं काम उचलून समाजमंदिरात मांडायचं, एवढाच अर्थ पुष्कळदा उरतो. तेच व्यायाम, तीच रबराची पट्टी, फक्त वर पत्र्याचं छप्पर. त्यानं रुग्णाचं भाडं वाचतं, आणि तेही काही कमी नाही. पण आक्काचं दुखणं समाजमंदिरात आणलं असतं तरी तिथून ती त्याच खाटेवर परत गेली असती. तिच्या हाताला काम मिळायचं तर सुनेला बोल लागणार नाही अशी वाट आधी हवी होती. थोडक्यात, उपचार शेजारणीवर करायचा होता, आणि शेजारीण तर चांगल्या मनानं ताक घेऊन येणारी बाई होती.

मॅडमनी मग व्यायामाचं बोलणं बाजूला ठेवलं आणि आक्काशी गप्पा सुरू केल्या. कॅनडातल्या व्यवसायोपचारतज्ज्ञांनी १९९१ मध्ये एक पद्धत प्रसिद्ध केली, ती आता जगभर वापरतात. रुग्णालाच विचारायचं, तुला काय करता यावंसं वाटतं. मग त्यातलं प्रत्येक काम आज किती जमतं आणि त्याचं समाधान किती, याला एक ते दहात गुण त्यानंच द्यायचे. आक्का गुणांना हसली. "मी शाळंत गेले न्हाय," म्हणाली. आशाताईंनी तोड काढली. दुष्काळी गावात एक मोजमाप लहान पोरालाही कळतं: पिकाची पैसेवारी. पन्नास पैशांच्या आत आली की दुष्काळ. आधी नजर पैसेवारी, मग सुधारित, मग अंतिम. आशाताईंनी विचारलं, "आक्का, हाताची नजर पैसेवारी किती लावायची?"

"धा पैसं," आक्का म्हणाली.

"आणि काय करावंसं वाटतं? आंघोळ? देवाला जाणं?"

आक्का बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "उन्हाळ्यात चार बाया येऊन आमचं सांडगं घालून गेल्या. कुरडया करून गेल्या. मला इथनं दिसत हुतं. मी रडले तर म्हणाल्या, आक्काला बरं वाटलं. बरं कशाचं? मी कुणाचं कवा फेडू?"

ज्यांना खेड्यातलं जगणं ठाऊक आहे त्यांना यातलं दुःख लगेच कळेल. पैरा म्हणजे कामाची देवघेव. आज तू माझ्या रानात ये, उद्या मी तुझ्या. कुठे याला सावड म्हणतात, कुठे वारंगुळा. मजुरी नाही, पैसा नाही. ज्याच्या घरी काम त्याच्या घरी जेवण, आणि दिवसाला दिवस फेडायचा. भांगलण, शेंगा तोडणं, उन्हाळ्यातली वाळवणं, सगळं पैऱ्यावर चालतं. पैरा बुडवणाऱ्या बाईला गावात किंमत नसते. चाळीस वर्षं आक्कानं एकही पैरा बुडवला नव्हता. दवाखान्यातून ती घरी आली त्या दिवशी तिचं नाव पैऱ्यातून गळालं. कुणी ठरवून काढलं नाही. दया म्हणून सगळ्यांनी तिचं काम फुकट केलं, आणि त्या दयेनं तिला गावाच्या हिशेबातून बाहेर केलं.

वारं गेल्यावर हाताची जलद सुधारणा होते ती साधारण पहिल्या काही महिन्यांत. ते महिने खाटेवर गेले होते. पण उरलेल्या हाताचा वापर शिकायला उशीर कधीच होत नाही, हेही शास्त्र सांगतं. मॅडमनी ठरवलं, आक्काला पैऱ्यात परत आणायचं. बाकीचं त्यामागून येईल.

बचत गटाची बैठक देवळात भरली तेव्हा त्यांनी भाषण केलं नाही. विचारलं, "पैऱ्यात दुबळं माणूस कसं मोजता?" बायांना प्रश्न नवा नव्हता. "पोरसवदा पोरगी आली तर अर्धी धरतो. दोन पोरी मिळून एक." मग आक्काचं नाव निघालं, आणि काकी उसळली. "माझ्या दारात दुखणेकरी बाईनं राबायचं नि मी बघायचं? मला न्हाय जमायचं. मी तिचं जन्मभर करीन. मला फेड नको." तिचा आवाज कापत होता. काकीचा हा नकार खोटा नव्हता, म्हणूनच तो अवघड होता. बैठक तिथेच थांबली.

पुढचं काम आक्कानं केलं. ते ना मॅडमच्या वहीत होतं, ना कुणी तिला शिकवलं होतं. दुसऱ्या दिवशी काकी ताक घेऊन आली तेव्हा आक्कानं तांब्यावर हात आडवा धरला.

"आजपास्नं ताक नको."

"का गं?"

"मी फेडलं तर तू घेत न्हाईस. मग मीबी तुझं घेत न्हाय."

काकी तांब्या घेऊन परत गेली. दुसऱ्या दिवशी ती आली नाही, तिसऱ्या दिवशीही आली नाही. सून घाबरली, आता गल्लीत नवंच काहीतरी उठणार म्हणून. मग एका सकाळी काकी आली ती काखेत सूप घेऊन. सुपात मटकी होती. खाटेवर सूप ठेवून ती म्हणाली, "एवढी निवडून ठेव. खडं लई हायती. उद्याच्याला न्हेते." आणि वळली. ताक तिनं संध्याकाळी पाठवलं.

या मटकीवर मॅडमनी जे बारकाईनं काम केलं, त्यात त्यांच्या शिक्षणाचा कस लागला. खाटेवर पाय लोंबकळत ठेवून सूप धरता येत नव्हतं, म्हणून आक्काला भिंतीला पाठ लावून खाली पाटावर बसवलं आणि पुढे दुसरा पाट ठेवला. सूप घसरू नये म्हणून खाली ओलं फडकं पसरलं. डावा हात आधी नुसता सुपाच्या काठावर वजनासारखा टेकवून ठेवायचा, म्हणजे त्याला काम मिळतं आणि मूठही हळूहळू सैल पडते. न निवडलेली मटकी डावीकडे, निवडलेली उजवीकडे, म्हणजे नजर सारखी डावीकडे जाऊन यावी. पहिल्या दिवशी आक्का लवकरच थकली. मॅडमनी सांगितलं, थकण्याच्या आधी थांबायचं, आणि किती वेळानं थांबलीस ते मला सांगायचं. काम तेच ठेवून जागा, उंची, वेळ आणि वजन थोडं थोडं बदलत नेणं, यातच या शास्त्राची कारागिरी आहे. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, म्हातारी कडधान्य निवडते आहे.

आणि गल्लीला नेमकं तेच दिसायला हवं होतं. कारण मटकी काकीची होती. सून सासूला राबवते असं आता कुणाला म्हणता येईना; आक्का काकीचा पैरा फेडत होती. काकीनं एकदा तसं चारचौघींत सांगितलं, तेव्हा सुनेच्या छातीवरचा दगड उतरला. पुढच्या आठवड्यात तिनं स्वतःच्या घरची तूर सासूपुढे ठेवली. त्याच्या पुढच्या आठवड्यात घास भरवायचं थांबलं. मॅडमनी वर्षभर सांगूनही ते जमलं नसतं.

चैत्रात वाळवणं सुरू झाली. आक्कानंच सांगून पाठवलं, "मला अर्धी धरा." सांडग्याचं पीठ कालवलेलं असलं की चिमटीनं तोडून कापडावर घालायला एक हात पुरतो, आणि आक्काचा तो हात कसबी होता. कुरडईच्या सोऱ्याला ती गेली नाही, ते दोन हातांचं काम. गव्हाचा चीक शिजला की नाही हे मात्र बाया तिलाच विचारू लागल्या. काकीच्या गच्चीवर आधी तिला चढवता येईना. मग काकीनं त्या वर्षी कापडं अंगणात पसरली. पायरी चढवण्यापेक्षा काम खाली आणणं सोपं होतं, आणि ते मॅडमना न विचारता काकीला सुचलं. काम झाल्यावर आक्का काकीच्या घरी पंगतीला बसली, पाहुणी म्हणून नाही, पैरेकरीण म्हणून.

उन्हाळा सरताना आशाताईंनी विचारलं, "आता सुधारित पैसेवारी किती?"

"हाताची चाळीस," आक्का म्हणाली. "माझी साठ."

मॅडमनी दोन्ही आकडे लिहून घेतले. हात दुष्काळातच राहिला होता. संस्थेच्या तक्त्यात एकच रकाना होता, 'लाभार्थीला काय दिले'. त्यांनी पट्टीनं त्याशेजारी दुसरा आखला: 'हे माणूस कुणाला काय देते'. मग प्रत्येक घरात त्या हा दुसरा प्रश्न आधी विचारू लागल्या. विहिरीच्या कामावर पडून कमरेखालचं बळ गेलेला एक तरुण होता. शिबिरात मिळालेली चाकाची खुर्ची पाणंदीच्या फुफाट्यात रुतायची, म्हणून तो घराबाहेर पडत नव्हता. त्याला मोबाइलवरून अर्ज भरता येत होते. अपंगत्वाच्या ओळखपत्राचे, संजय गांधी निराधार योजनेचे अर्ज तो भरून देऊ लागला, आणि ज्यांचे भरले त्यांची पोरं त्याला पारावर नेऊ-आणू लागली. नंतर ग्रामपंचायतीच्या सभेत, दिव्यांगांसाठी राखायच्या ५ टक्के निधीतून पाणंदीत फरशी घालावी, ही मागणी त्यानंच मांडली. मान सावरत नसलेली एक लहान मुलगी होती, तिच्या बाबतीत मात्र या प्रश्नाला काही अर्थ नव्हता. तिथे बसायला टेकू, तिच्या आईला दुपारची झोप आणि अंगणवाडीतली जागा, हेच काम होतं, आणि ते तेवढंच महत्त्वाचं होतं.

आता यातला अवघड भाग. पैरा चांगला, गाव चांगलं, असं म्हणून ही गोष्ट संपवता येत नाही. पैऱ्याला कुंपण असतं. तो जातीच्या आणि वस्तीच्या कडेकडेनं फिरतो, कारण पैऱ्यात जेवण असतं आणि कुणी कुणाच्या घरी जेवायचं हे आपल्याकडे शतकानुशतकं ठरलेलं आहे. वरच्या अंगाला तात्या आणि त्यांची मंडळी राहत. तात्यांना तरुणपणी कुष्ठरोग झाला होता. बहुविध औषधोपचारानं तो पूर्ण बरा झाला. औषध सुरू झालं की संसर्ग लवकरच थांबतो, हे आशाताई वर्षानुवर्षं सांगत आल्या होत्या. पण कोपरापाशी जी नस गेली ती गेली. करंगळी आणि शेजारचं बोट आकडलेलं, तळव्याला स्पर्श कळत नाही. गरम पातेलं हाताला कळायच्या आत फोड यायचा. मॅडमनी त्यांच्या खुरप्याच्या मुठीला जाड कापड गुंडाळून दिलं, कालथ्याला लाकडी मूठ बसवली, आणि रोज संध्याकाळी दिव्यापाशी बसून हात-पाय डोळ्यांनी तपासायची सवय लावली. तात्यांचे फोड थांबले. पैऱ्यात त्यांचं घर मात्र कधीच नव्हतं. दर उन्हाळ्यात त्यांची बायको एकटी सांडगे घालायची.

मॅडमनी हा विषय बैठकीत काढला तेव्हा बाया खाली बघत राहिल्या. पुन्हा काढला तेव्हा एकीनं विषय बदलला. कार्यक्रमाच्या अहवालात आक्काचं यश ठळक छापून हे घर गाळून टाकणं सोपं होतं. त्यांनी ते गाळलं नाही. अपुऱ्या कामांच्या यादीत ते सगळ्यात वर लिहिलं, आणि दर बैठकीत तो प्रश्न पुन्हा मांडायचा असं आशाताईंशी ठरवून टाकलं. समुदायावर भर देणाऱ्यानं समुदायाला नुसतं गोंजारून भागत नाही, असं मला वाटतं. ज्या गल्लीनं आक्काला उभं केलं त्याच गल्लीनं तात्यांना बाहेर ठेवलं होतं, आणि दोन्ही एकाच कार्यक्रमाचे विषय होते.

दुसरा चैत्र आला. देवळात वाळवणाच्या पैऱ्याची यादी ठरत होती. आशाताई वहीत नावं लिहीत होत्या, कुणाकडे कधी, कोण कोण जाणार. आक्का काठी टेकत आली होती, खांबाला टेकून बसली होती. नावं संपत आली तेव्हा ती म्हणाली, "तात्याचं घर ऱ्हायलं."

कुणी बोललं नाही. मग काकीनंच विचारलं, "तिथं जाऊन जेवशील?"

"पैरा म्हणलं की जेवण आलंच. मला बी वरीसभर कुणी हात लावू देत नव्हतं कामाला. मला म्हायती हाय ते कसं असतंय."

"अगं पण तू अर्धी," दुसरी एक म्हणाली. "अर्ध्या बाईनं एवढ्या पिठाचं सांडगं व्हायचं न्हायीत. निदान एक अख्खी पायजे."

बाया एकमेकींकडे बघू लागल्या. मागच्या रांगेतून सून उठली. सगळ्यांनी वळून पाहिलं. गल्ली काय म्हणेल या भीतीनं लसणाची पाकळी उचलून आत नेणारी तीच ही बाई. तिचा चेहरा लाल झाला होता. ती म्हणाली, "मी जाते आत्यांच्या बरोबर."

"एका घरातनं दोघी चालत न्हायीत," काकी म्हणाली. "पैऱ्याचा कायदा हाय."

"कायद्यातच हाय की," आक्का म्हणाली. "माझा अर्धा नि माझ्या सुनेचा अर्धा. झाला एक."

काकीनं थोडा विचार केला, आणि आशाताईंना म्हणाली, "लिवा."